सेत्स्वाना भाषेत नकार कसा करायचा: पायरी-पायरीने

सेत्स्वाना (बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेत बोलली जाणारी भाषा) शिकायला लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात 'के आ जा' (मी खातो) येतं. नकारासाठी पुढे 'ख़ा' लावायचा, एवढं कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. मग असा एखादा शाकाहारी गृहस्थ बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबरोनीत, कुणाकडे जेवायला जातो आणि म्हणतो, 'ख़ा के आ जा नामा.' त्याला म्हणायचं असतं, मी मांस खात नाही. यजमानांना ऐकू येतं, मी मांस खाल्लेलं नाही. ताटात पुढे काय पडतं ते सांगायला नको.

बरोबर वाक्य आहे 'ख़ा के जे नामा'. फरक दोन ठिकाणी आहे: मधला 'आ' गेला आणि 'जा'चा 'जे' झाला. सेत्स्वानात 'ख़ा' हा नकाराचा फक्त एक भाग आहे. बाकीचा नकार क्रियापदाच्या शेवटात आणि कर्त्याच्या खुणेत असतो, आणि काही वाक्यांत तर 'ख़ा' येतच नाही. म्हणून होकारी वाक्य पाठ करून त्याला 'ख़ा' चिकटवू नका. नकारी वाक्य खाली दिलेल्या क्रमाने मुळापासून बांधा.

आधी थोडी तयारी

सेत्स्वाना रोमन लिपीत लिहितात. इथे उदाहरणं देवनागरीत आहेत, तेव्हा चार खुणा लक्षात ठेवा. ज्याला मी 'ख़' लिहितो तो रोमन लिखाणात 'जी' अक्षराने दाखवतात; उच्चार घशातून, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. 'ग' म्हणू नका. 'ज' जपानमधला, 'जाड'मधला नव्हे. 'फ़' दातांनी ओठ दाबून. शब्दाच्या शेवटी 'ङ' आला तर तो पूर्ण उच्चारायचा.

लिहिताना क्रियापदाचे बरेचसे तुकडे सुटे लिहिले जातात. 'ख़ा के जे' हे कागदावर तीन शब्द दिसतात, पण बोलताना एका दमात येतात. नवशिके प्रत्येक तुकड्यावर थांबतात, मग त्यांना स्वतःलाच पुढचा तुकडा आठवत नाही.

कुठल्याही वाक्याचा नकार करण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात.

पहिली, धातू. तो बहुधा 'आ'ने संपतो: जा (खाणे), बुआ (बोलणे), राता (आवडणे, प्रेम करणे), बात्ला (हवं असणे, शोधणे), त्ला (येणे), रेका (विकत घेणे), बोना (दिसणे, पाहणे), दिरा (करणे, काम करणे).

दुसरी, कर्त्याची खूण. मी: के. तू: ओ. तो किंवा ती: ओ. आम्ही: रे. तुम्ही: लो (दक्षिण आफ्रिकेत 'ले' ऐकू येईल). ते: बा. वस्तू आणि प्राण्यांना नामवर्गाप्रमाणे, म्हणजे ते नाम ज्या गटात मोडतं त्याप्रमाणे, वेगळी खूण असते: कोलोई (गाडी) आणि बेसे (बस) यांना ए, मेत्सी (पाणी) आणि मादी (पैसे) यांना आ, सेतिलो (खुर्ची) याला से.

तिसरी, काळ. भूतकाळी रूप समोर असेल तर त्यातून मूळ धातू काढता आला पाहिजे: जेले म्हणजे जा, त्सिले म्हणजे त्ला, रेकिले म्हणजे रेका. नकारात भूतकाळाचं रूप येत नाही, धातू येतो. वहीत शब्द उतरवताना दोन्ही रूपं शेजारी लिहायची सवय आत्ताच लावा.

पायरी १: कुठला 'नाही' आहे ते ठरवा

मराठीत 'तो येत नाही', 'तो डॉक्टर नाही', 'तो घरी नाही' आणि 'त्याच्याकडे पैसे नाहीत' ही चारही वाक्यं एकाच 'नाही'वर भागतात. सेत्स्वानात या चार वेगळ्या वाटा आहेत. पाचवी 'नको', म्हणजे मनाई. सहावी 'जर-तर' आणि 'जो-तो' यांच्या पोटातला नकार.

वाक्यात खरी क्रिया (येणे, खाणे, घेणे) असेल तर पायरी २ ते ४. क्रिया नसेल तर थेट पायरी ५. मनाई असेल तर ६. गौण वाक्य असेल तर ७. ही निवड चुकली की पुढचं सगळं व्याकरण बरोबर असूनही वाक्य चुकतं.

पायरी २: वर्तमानकाळ

साचा असा: ख़ा + कर्त्याची खूण + धातू, शेवटच्या 'आ'चा 'ए' करून.

के आ बुआ (मी बोलतो): ख़ा के बुए.
रे आ बात्ला (आम्हाला हवंय): ख़ा रे बात्ले.
बा आ राताना (त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे): ख़ा बा राताने.
कोलोई ए आ दिरा (गाडी चालू आहे): कोलोई ख़ा ए दिरे.

होकारी वाक्यात 'आ' कधी असतो, कधी नसतो. क्रियापदावर वाक्य थांबत असेल तर 'के आ जा'. पुढे कर्म आलं तर 'के जा नामा'. नकारात ही भानगडच नाही. वर्तमानकाळी नकारात हा 'आ' कधीच येत नाही, कर्म असो वा नसो. म्हणजे होकारापेक्षा नकार इथे सोपा आहे, फक्त 'आ' टाकून द्यायचं धैर्य हवं.

आता कर्त्याच्या खुणेकडे बघा. 'तो/ती'ची खूण होकारात 'ओ' असते, नकारात 'आ' होते:

ओ आ बुआ (तो बोलतो): ख़ा आ बुए.
ओ आ बुआ (तू बोलतोस): ख़ा ओ बुए.

होकारात 'तू' आणि 'तो' यांतला फरक फक्त सुरात असतो, लिखाणात दिसत नाही. नकारात तो स्पष्ट दिसतो. बाकी कुठलीही खूण बदलत नाही. के, रे, लो, बा, ए, से आहेत तशाच राहतात. या एका बदलावर सगळ्यात जास्त लोक अडखळतात, कारण 'ख़ा ओ बुए' चुकीचं वाटतच नाही. ते बरोबर वाक्यच आहे, पण 'तू बोलत नाहीस' असं. शेजारणीबद्दल बोलायला जाल आणि समोरच्याच माणसाला सुनवाल.

'त्याला', 'तिला', 'ते' अशी कर्माची खूण असेल तर ती धातूला चिकटून राहते, 'ख़ा'कडे सरकत नाही. के आ मो राता (मला तो आवडतो): ख़ा के मो राते.

⚠ 'इत्से' (माहीत असणे) मुळातच 'ए'ने संपतो, तो तसाच ठेवा: के आ इत्से, ख़ा के इत्से. 'इत्सा' असं काहीतरी बनवू नका.

✔ पडताळणी: 'ख़ा' आहे? मधला 'आ' गेला? शेवट 'ए'? कर्ता 'तो/ती' असेल तर खूण 'आ' केली? चारही 'हो' असतील तर पुढे जा.

पायरी ३: भूतकाळ

इथे साचा उलटतो: ख़ा + कर्त्याची खूण + आ + मूळ धातू, शेवट 'आ'च ठेवून.

के रेकिले बोरोथो (मी पाव घेतला): ख़ा के आ रेका बोरोथो.
बा त्सिले (ते आले): ख़ा बा आ त्ला.
के जेले (मी खाल्लं): ख़ा के आ जा.

वर्तमानकाळातून हाकललेला 'आ' नकारात भूतकाळाची खूण होऊन परत येतो. जेवणाच्या ताटावरचा घोटाळा इथूनच झाला. दोन साचे एकमेकांखाली लिहून मोठ्याने म्हणा: ख़ा के जे, ख़ा के आ जा. ख़ा के बुए, ख़ा के आ बुआ. 'आ' नाही तर शेवट 'ए'. 'आ' आहे तर शेवट 'आ'. दोन्ही मिसळलेलं 'ख़ा के आ बुए' कानाला खटकायला लागेपर्यंत पुढच्या काळांना हात लावू नका. सेत्स्वानाच्या नकाराचं निम्मं काम या जोडीत आहे.

'तो/ती' कर्ता असेल तर दोन 'आ' लागोपाठ येतात: ओ त्सिले (तो आला), ख़ा आ आ त्ला. पहिला 'आ' कर्त्याचा, दुसरा काळाचा. बोलताना ते मिसळून लांबट ऐकू येतात, पण लिहिताना दोन्ही लिहायचे. एक खाल्ला की वाक्य मोडतं.

कर्माची खूण इथेही धातूला लागूनच: ख़ा के आ मो बोना (मी त्याला पाहिलं नाही).

⚠ 'बोना'पासून सावध. त्याचं भूतकाळी रूप 'बोने' आहे. म्हणजे 'के मो बोने' हे 'मी त्याला पाहिलं' आणि 'ख़ा के मो बोने' हे 'मला तो दिसत नाही'. दिसायला एकाचं दुसरं नकारी रूप वाटतं, पण काळच वेगळा आहे. पोलीस चौकीत किंवा ऑफिसात काय पाहिलं ते सांगायची वेळ आली तर हा फरक महागात पडू शकतो.

दुसरा सापळा अर्थाचा आहे. थकणे, झोपणे यांसारख्या अवस्था सेत्स्वानात भूतकाळी रूपाने सांगतात, अर्थ मात्र आत्ताचा असतो: के लापिले (मी थकलोय), ओ रोबेत्से (तो झोपलाय). त्यांचा नकारही पायरी ३च्या साच्यानेच होतो: ख़ा के आ लापा (मी थकलेलो नाही), ख़ा आ आ रोबाला (तो झोपलेला नाही). 'आत्ताची गोष्ट आहे' म्हणून पायरी २ वापरली तर 'ख़ा के लापे' होतं, म्हणजे 'मी थकत नाही', आणि ती बढाई झाली. मराठीतसुद्धा 'थकलेलो नाही' आणि 'थकत नाही' वेगळे आहेत. तोच कान इथे लावा.

✔ पडताळणी: होकारी वाक्यात '-इले' किंवा तसलं भूतकाळी रूप होतं का? असेल तर नकारात मधे 'आ' आणि शेवटी 'आ' हवाच.

पायरी ४: 'अजून नाही', 'येणार नाही', 'कधीच नाही', 'आता नाही'

यांतलं 'अजून नाही' सगळ्यात आधी शिका, कारण ते रोज लागतं. साचा: ख़ा + खूण + इसे + खूण पुन्हा + धातू 'ए'ने.

बेसे ख़ा ए इसे ए त्ले (बस अजून आली नाही).
ख़ा आ इसे आ ख़ोरोख़े (तो अजून पोचलेला नाही).

मराठी माणूस 'अजून'साठी वेगळा शब्द शोधत बसतो. इथे तो अर्थ 'इसे'च्या पोटात आहे. 'बेसे ख़ा ए आ त्ला' म्हटलं तर बस आलीच नाही, विषय संपला. थांब्यावर उभ्या माणसाला तुम्ही घरी पाठवाल.

भविष्यकाळ होकारात 'के त्ला बुआ' (मी बोलेन) असा असतो. नकारात तो 'त्ला' नाहीसा होतो: ख़ा के ना ख़ो बुआ (मी बोलणार नाही). 'तो येणार नाही' म्हणजे ख़ा आ ना ख़ो त्ला. आणखी ठाम नकार 'कित्ला'ने होतो: ख़ा के कित्ला के बुआ. पण सुरुवातीला 'ना ख़ो' एवढंच पक्कं करा. 'कित्ला' ऐकून समजलं तरी पुष्कळ.

⚠ 'ख़ा के ना' ऐकलं की लगेच अर्थ लावू नका, पुढचा शब्द येऊ द्या. ख़ा के ना ख़ो जा: मी खाणार नाही. ख़ा के ना दीजो: माझ्याकडे जेवण नाही. 'ख़ो' आणि धातू आला तर भविष्यकाळ, नाम आलं तर मालकी.

'कधीच नाही' हे सवयीबद्दल सांगायचं असेल तर 'न्के': ख़ा के न्के के जा नामा, मी मांस कधीच खात नाही. शाकाहाऱ्यांनी हे वाक्य तोंडपाठ करावं. नुसत्या 'ख़ा के जे नामा'पेक्षा ते जास्त टिकतं. आणि 'पूर्वी होतं, आता नाही' यासाठी 'त्ल्होले': ख़ा आ त्ल्होले आ दिरा फ़ानो, तो आता इथे काम करत नाही.

लक्षात घ्या, 'इसे'नंतर शेवट 'ए', पण 'न्के', 'कित्ला' आणि 'त्ल्होले' यांच्यानंतर शेवट 'आ'. आणि या चौघांनाही कर्त्याची खूण दोनदा लागते. दुसरी खूण विसरणं ही इथली नेहमीची चूक.

पायरी ५: क्रिया नसलेला 'नाही'

'तो अमुक नाही'. न्ना (मी), वेना (तू) यांच्याबद्दल बोलताना ख़ा आणि खूण: ख़ा के ङाका, मी डॉक्टर नाही. तिसऱ्याबद्दल ओळख सांगायची तर 'ख़ा से': मोन्ना के ङाका (तो माणूस डॉक्टर आहे), मोन्ना ख़ा से ङाका. 'तो मी नव्हेच' म्हणायला 'ख़ा से न्ना'. होकारी वाक्यात तिसऱ्या माणसापुढेही 'के' येतो आणि त्यामुळे 'ख़ा के ङाका' म्हणायचा मोह होतो. तसं म्हणालात तर तुम्ही स्वतःबद्दल बोलताय.

'जागेवर नाही'. इथे 'यो' लागतो: ओ क्वा ख़ाए (तो घरी आहे), ख़ा आ यो क्वा ख़ाए. बाथो ख़ा बा यो (माणसं नाहीत), कोलोई ख़ा ए यो (गाडी नाही), मेत्सी ख़ा आ यो (पाणी नाही). खूण प्रत्येक नामाबरोबर बदलते. सेतिलो (खुर्ची) याची खूणच 'से' असल्यामुळे 'सेतिलो ख़ा से यो' म्हणजे खुर्ची जागेवर नाही, आणि 'ख़ा से सेतिलो' म्हणजे ही खुर्ची नव्हे. दोन्हीकडे 'ख़ा से' दिसतं, पण पहिल्यात तो खुर्चीची खूण आहे आणि दुसऱ्यात ओळखीचा नकार.

'जवळ नाही'. के ना ले मादी (माझ्याकडे पैसे आहेत): ख़ा के ना मादी. 'ले' जातो. तसंच ख़ो ना ले मेत्सी (पाणी आहे): ख़ा ख़ो ना मेत्सी. 'ले' तसाच ठेवणं हे नवशिक्याचं ओळखपत्र.

पायरी ६: 'नको', 'करू नका'

इथे 'ख़ा' येतच नाही, 'से' येतो, आणि शेवट 'ए': त्सेना (आत ये), से त्सेने (आत येऊ नको). अनेकांना उद्देशून: त्सेनाङ, से त्सेनेङ.

हे रूप आज्ञेचं आहे आणि बोलताना तसंच आपटतं. मोठ्या माणसाला, ऑफिसात, दुकानात लांब रूप वापरा: ओ से का वा त्सेना, आदराने किंवा अनेकांना लो से का ल्वा त्सेना. दक्षिण आफ्रिकेत 'ले से का ला'. या लांब रूपात शेवट पुन्हा 'आ' होतो, 'ए' नाही. सोबत र्रा (पुरुषाला) किंवा म्मा (स्त्रीला) जोडायला विसरू नका.

स्वतःला काही नको असेल तर मनाईचं रूप नव्हे, पायरी २: न्न्या म्मा, ख़ा के बात्ले. नुसतं 'ख़ा के बात्ले' रूक्ष वाटतं. 'न्न्या म्मा, के आ लेबोख़ा' (नको बाई, आभारी आहे) एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात.

पायरी ७: पोटवाक्यातला नकार

मुख्य वाक्यात ख़ा, पोटवाक्यात सा. हा नियम मोडला की ऐकणारा लगेच दुरुस्त करतो.

फ़ा आ सा त्ले (तो आला नाही तर). फ़ा के सा दिरे (मी काम केलं नाही तर). 'जो-तो' प्रकारात शेवटी 'ङ' जोडतात: मोथो यो ओ सा इत्सेङ (ज्याला माहीत नाही तो माणूस), बाथो बा बा सा बुएङ सेत्स्वाना (सेत्स्वाना न बोलणारी माणसं). या 'जो-तो' प्रकारात 'तो'ची खूण 'ओ'च राहते. पायरी २मध्ये घोकलेला 'ओ'चा 'आ' इथे लावू नका.

'ने' लावून केलेल्या भूतकाळातही सा: के ने के सा इत्से (मला माहीत नव्हतं), के ने के सा जे (मी खात नव्हतो). 'के ने'च्या आधी 'ख़ा' ठोकणं ही चूक बऱ्यापैकी बोलणाऱ्यांकडूनही होते.

⚠ 'सा'चा आणखी एक अर्थ आहे: 'अजूनही'. के सा दिरा म्हणजे मी अजून काम करतोय. नकाराचा सा ओळखायचा तो वर्तमानकाळी शेवटच्या 'ए'वरून. म्हणून इथे शेवटचा स्वर गिळून टाकू नका, तोच अर्थ ठरवतो.

'ख़ोरे' आला तर थांबून विचार करा. तो नुसता 'की' असेल तर पुढे ख़ाच येतो: के आ इत्से ख़ोरे ख़ा आ आ त्ला (मला माहीत आहे की तो आला नाही). पण हेतू सांगायचा असेल, 'पडू नये म्हणून' असा, तर से का: ख़ोरे आ से का आ वा (तो पडू नये म्हणून). 'मी'साठी के से का का, 'आम्ही'साठी रे से का रा. 'नये' लावून मराठी वाक्य बनत असेल तर से का, 'नाही' लावून बनत असेल तर ख़ा. ही कसोटी बहुतेक वेळा पुरते.

पायरी ८: 'काही', 'कुणी', 'कुठे'

सेपे (काही), ओपे (कुणी), ख़ोपे (कुठे) हे शब्द नकारी क्रियापदाबरोबरच चालतात: ख़ा के इत्से सेपे (मला काहीच माहीत नाही), ख़ा के आ बोना ओपे (मी कुणालाच पाहिलं नाही), ख़ा के ये ख़ोपे (मी कुठेच जात नाही). मराठीची रचना इथे जशीच्या तशी उतरते, तेव्हा इंग्रजीतून विचार करू नका. इंग्रजी डोक्यात असलेले लोक 'नथिंग' पुरेसं समजून क्रियापद होकारी ठेवतात.

सरावाचा क्रम

एक धातू घ्या, 'जा' किंवा 'रेका'. कर्ता 'के' ठेवून पायरी २, ३ आणि ४ची सहा वाक्यं म्हणा: ख़ा के जे, ख़ा के आ जा, ख़ा के इसे के जे, ख़ा के ना ख़ो जा, ख़ा के न्के के जा, ख़ा के त्ल्होले के जा. मग तीच सहा 'तो'साठी: ख़ा आ जे, ख़ा आ आ जा, ख़ा आ इसे आ जे, असं पुढे. नंतर 'बा'. धातू बदलायची घाई नको; तीन कर्ते न अडखळता झाल्यावरच दुसरा धातू.

शेवटी मुद्दाम 'बोना' घ्या. त्यात ख़ा के बोने आणि ख़ा के आ बोना यांची गल्लत न होता सहाही वाक्यं आली, तर मग गौण वाक्यांचा 'सा' सुरू करा.